दावं कापायचा चाकू

समुद्रावर नेण्यासाठी चाकू कसा निवडावा, यावर गेल्या नऊ महिन्यांत मला इतक्या लोकांनी अक्कल शिकवली आहे की आता कुणी नुसता विषय काढला तरी माझं डोकं तापतं. आणि शिकवणारे कोण, तर ज्यांनी जन्मात शिडाच्या होडीत पाय ठेवला नाही ते. आमचे धाकटे दीर जेट्टीवर उभे राहिले तरी कठडा सोडत नाहीत. त्यांनी मला चाकूंची एक चित्रफीत पाठवली आणि खाली लिहिलं, 'वहिनी, हा बघा.' मी ती पाहिली नाही.

त्यातून मी चाकू आणायला गेले ती अमरावती-अकोल्याला. रत्नागिरीत राहणाऱ्या बाईनं समुद्रावरचा चाकू आणायला वऱ्हाडात जावं याचं ज्यांना हसू आलं, ते हसून घेवोत. मला गरज होती म्हणून मी गेले.

गरज अशी. मी खाडीत शिडाच्या होड्या चालवायला शिकवते. पाच वर्षांपूर्वी सुजाता तायडे नावाची बँकेतली अधिकारी बदलून आमच्या गावी आली. मूळची मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली, वय चाळीस, पोहता येत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या शेडवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, शिकवा. अशी शिष्या मला तीस वर्षांत मिळाली नव्हती. पुढे आम्ही दोघी एकाच होडीवर जाऊ लागलो. येत्या मार्चमध्ये आमच्या खाडीतून निघून मालवणपर्यंत जायचं, दोघींनीच, असं ठरलं होतं.

गेल्या मे महिन्यात आमची होडी उलटली. शिडाचा दोर सुजाताच्या डाव्या हाताला गुंडाळलेला होता, तो आवळला आणि ती होडीखाली अडकली. दोर कापायला हवा होता, तो कापला गेला नाही. मी दातांनी आणि नखांनी गाठ सोडवली तोवर तिच्या पोटात पाणी गेलं होतं, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट कायमचं गेलं. बोटं आहेत, पण वळत नाहीत. मी सगळ्यांना सांगितलं की चाकू उघडलाच नाही, पातं गंजून बसलं होतं. ज्या दुकानातून घेतला त्याला दोन पानी पत्र लिहिलं. भल्या माणसानं माफी मागून नवा चाकू पाठवून दिला.

जूनमध्ये सुजातानं बदली मागून घेतली आणि अमरावतीला गेली. मी पत्रं लिहीत राहिले, तिची उत्तरं दोन-दोन ओळींची. मार्चचं काय, हे मी चारदा विचारलं. डिसेंबरात तिचा निरोप आला: 'चाकू मी निवडीन, मग मार्चचं सांगीन. तुम्ही इकडे या.'

अमरावती, शुक्रवार

स्टेशनवर ती आली होती. माझी बॅग तिनं उजव्या हातानं घेतली. डावा हात ओढणीखाली होता. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, आणि मग रिक्षावाल्याशी उगीचच भांडले.

घरी जाण्याआधी तिनं मला गिला वडा खायला घातला. दह्यात बुडालेला, वर तिखट चटणी. आमच्याकडे वडा म्हणजे कोंबडीच्या रश्शाबरोबरचा, कोरडा, हातात धरता येणारा. हा चमच्यानं खायचा. चांगला होता, पण मी तेही बोलले नाही. सुजाता समोर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं मला नको होतं.

दुपारी बाजारात चार दुकानं पालथी घातली. मी पर्समध्ये शिडाच्या दोराचे तुकडे घेऊन गेले होते. चाकू चांगला की वाईट ते दोरावर कळतं, डब्यावरच्या छापील मजकुरावर नाही. पहिल्या दुकानात चाकूला टॉर्च होता. दुसऱ्यात होकायंत्र होतं, आणि ते उत्तर दाखवत होतं तिथे लख्ख सूर्य मावळतीकडे कलला होता. तिसऱ्या दुकानदाराला मी म्हटलं की मला टोक बोथट असलेला चाकू हवा. तो म्हणाला, बोथट कोण घेते? मी त्याला समजावलं, की उलटलेल्या होडीखाली डोळ्यांना काही दिसत नाही, वर शीड असतं, पाय दोरात असतात, आणि टोकदार चाकू घेऊन तुम्ही चाचपडलात तर दोराआधी माणूस कापला जातो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग ताई, पाण्यात जाता काहून?" तो म्हणाला.

चौथा दुकानदार जरा जाणता निघाला. त्यानं विचारलं, सध्या तुमच्याकडे कोणता आहे तो दाखवा. मी तो बदली म्हणून आलेला नवा चाकू काढला. त्यानं अंगठ्यानं पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्याला तोच चाळा लागला. खट्, खट्. दर वेळी पातं लोण्यासारखं बाहेर येत होतं. "हे त मस्त उघडते," तो म्हणाला. "याच्यात काय खराबी हाय?"

मी म्हटलं, याच्यात नाही, आधीच्यात होती. आधीचा पीस खराब निघाला. सुजाता दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती. तिनं मान वळवली नाही. मी चाकू त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला, आणि बाहेर आल्यावर तिच्यावरच उखडले, की तू निवडणार होतीस ना, मग एका तरी दुकानात तोंड उघड. ती म्हणाली, उद्या अकोल्याला जाऊ.

जुने शहर, अकोला, शनिवार

मोर्णा नदी ओलांडून एसटीनं आणलेला माझा संताप मी तसाच जुन्या शहरात नेला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून म्हैस आली तर आपणच कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. सुजाता सरसर चालत होती. तिला नक्की कुठे जायचं ते ठाऊक होतं, आणि मला सांगत नव्हती.

ते एका लोहाराचं दुकान होतं. पुंडलिकभाऊ, साठीच्या पुढचे, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा होता आणि तो त्यांची बायको सांभाळत होती. समोर विळे, खुरपी, सत्तूर, कुऱ्हाडीची पाती. मी म्हटलं, झालं, आता होडीवर कुऱ्हाड घेऊन जा.

त्यांनी आम्हाला पोत्यावर बसवलं. चहा मागवला. मग विचारलं, काय कापायचं? मी पर्समधून दोराचा तुकडा काढून पुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, पीळ उलगडला, नाकाशी नेला, आणि मला जे आजवर एकाही दुकानदारानं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कोनाच्या अंगावरचा कापाचा?"

 सुजातानं ओढणी बाजूला केली आणि डावा हात त्यांच्यासमोर धरला. त्यांनी ती दोन बोटं आपल्या बोटांत धरून हळूच वाकवून पाहिली. वाकली नाहीत. पंखा थांबला. त्यांच्या बायकोनं तो आपण होऊन बंद केला होता.

"मंग हे दावं झालं," ते म्हणाले. "दावं कापाचा चाकू तुमच्या गोठ्यात हाय ना, पोरी? तुया आज्यानं आमच्या बापाकडून नेलता. तो दाखव यायले. पाहून आले म्हनजे मग बोलू."

म्हणजे जी वस्तू हिच्या घरी टांगलेली आहे, ती बघायला मला आधी अमरावतीच्या चार दुकानांतून आणि मग अकोल्याच्या गल्ल्यांतून फिरवलं होतं. बाहेर पडल्या पडल्या मी तिला फैलावर घेतलं. माझं वय छप्पन्न आहे, गुडघे दुखतात, आणि कालपासून तू मला वेड्यासारखी फिरवते आहेस. आधीच सांगता येत नव्हतं का?

"सांगितलं असतं त तुमी आयकलं असतं?" ती म्हणाली. "तुमाले आधी सगळ्यायची चूक काढा लागते."

मूर्तिजापूरच्या एसटीत मी मुद्दाम दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मूर्तिजापूरजवळ, रविवार

रात्री उशीर झाल्यामुळे गाव सकाळीच पाहिलं. गवतात बुडालेले छोट्या रेल्वेगाडीचे रूळ, पलीकडे तुरीची शेतं, आणि थंडी. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकवर. इथे मी सुजाताच्या आईची शाल अंगावर घेऊन ओसरीवर बसले होते.

आईंचं नाव शेवंताबाई. घर स्वच्छ सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, आणि सुजातानं पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ. नाश्त्याला त्यांनी ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी वाढली. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मासे खाणाऱ्यांना तिखट सोसत नाही. मला राग आला आणि मी आणखी ठेचा घेतला. ते पुढे दिवसभर भोगलं.

खाणं झाल्यावर त्या विहिरीकडे गेल्या, सुजाता भांडी घासायला बसली. मी गोठ्यात गेले. आत एक म्हैस होती आणि तिचं रेडकू. मधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीवर, सुतळीच्या फासात तो चाकू लटकत होता. वीतभर लांब, पातं आतून किंचित वळलेलं, टोक गोल घासून टाकलेलं, लाकडी मूठ काळी पडलेली. मी दोराचा तुकडा त्यावर ओढला. एकाच ओढीत तुटला. इतकी वर्षं मी ज्या चाकूसाठी दुकानदारांची डोकी खाल्ली, तो हा होता.

मी तो फासातून काढून ओसरीवर आणला. उन्हात फिरवून पाहिला, मूठ धरून पाहिली. बाजूला मोर्शीकडच्या कुणा नातलगानं पाठवलेल्या संत्र्यांची टोपली होती. एक संत्रं घेतलं आणि धार बघत बघत आडवं कापलं.

शेवंताबाई कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि काही न बोलता माझ्या हातातून चाकू काढून घेतला. राखेनं घासला, धुतला, पदराला पुसला, तेलाचं बोट फिरवलं. मग गोठ्यात जाऊन परत टांगला. मी अर्धं संत्रं हातात धरून बसून राहिले. ज्या मुलुखात संत्री पिकतात तिथे संत्रं हातानं सोलतात, चाकूनं मीच कापत होते, हेही तेव्हा लक्षात आलं.

"तो खायाचा चाकू नाई, बाई," त्या परत येऊन म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "जनावराच्या गयात दावं आवळलं तरच तो हालते. नाईतर कोनी हात लावत नाई. भाजीले नाई, सुतळीले नाई. एकडाव घरात आला का घरात राहते. अन रात्री म्हैस पाय झाडून राहिली, त तुमी काय चुलीजवळ चाकू पाहाले जासान?"

मग त्यांनी मला हाताला धरून गोठ्याच्या दारात नेलं. घरात सून आली किंवा मूल कामाला हाताशी आलं की त्या हेच करून घेतात, असं म्हणाल्या. डोळे मिटा, आत जा, चाकू काढा.

मी डोळे मिटले. शेणाचा वास, म्हशीचा उच्छ्वास, पायाखाली ओल. चार पावलं टाकली, हात वर केला, आणि मूठ तळव्यात आली. जिथे असायला हवी तिथेच होती.

मी ती सोडेना. डोळेही उघडेनात. मला मे महिन्याचं पाणी दिसत होतं, म्हणजे काही दिसत नव्हतं तेच. होडीखाली माझा हात असाच जॅकेटच्या खिशाकडे गेला होता. खिशाचं झाकण लागलेलं होतं आणि खिसा रिकामा होता.

चाकू न उघडायला तो माझ्याजवळ असावा लागतो. तो जेवणाच्या डब्यात होता. अर्ध्या तासापूर्वी मी त्यानं कैरी चिरली होती, मीठ-तिखट लावून आम्ही दोघींनी खाल्ली होती, आणि चिकट पातं नंतर धुऊ म्हणून मी तो डब्यात टाकला होता. होडी उलटली तसा डबा तळाला गेला. तीस वर्षं मुलांना दटावते आहे की खिसा सोडून चाकू कुठे ठेवायचा नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या दुकानदाराला दोन पानं शिव्या घातल्या. आणि मनातल्या मनात सुजातालाही, की दोर हाताला गुंडाळू नको म्हणून शंभरदा सांगितलं होतं.

सुजाता राखेचे हात घेऊन दारात आली होती. मी तिला तिथेच, तिच्या आईसमोर, सगळं सांगितलं. सांगतानाही माझा आवाज चढलेला होता, भांडत असल्यासारखा. मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही की काय कोण जाणे.  माझं झाल्यावर ती म्हणाली,

"फोड माया तोंडात होती, ताई. होडी पलटली तवाबी."

तिनं राखेचे हात ओढणीला पुसले.

"मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. दोर मी गुंडायला, ते मी डॉक्टरले सांगितलं, सायबाले सांगितलं, आईले सांगितलं. माही चूक मी सांगून राहिली होती अन तुमी त्या दुकानवाल्याले शिव्या देऊन राहिल्या होत्या. दर पत्रात. बोटायसाठी नाई गेली मी तिथून."

ती आत निघून गेली. मला राग आला होता, आणि या खेपेला तो कुणावर काढावा हे शोधायची गरज नव्हती. शेवंताबाईंनी माझ्या मुठीतून चाकू सोडवला, फासात अडकवला, आणि म्हशीला वैरण टाकायला लागल्या. थोड्या वेळानं पेंढीतला अर्धा चारा माझ्या हातात दिला. दोघींनी मिळून म्हशीला घातला.

पुन्हा अकोला, सोमवार

एसटीत सुजाता खिडकीशी बसली आणि अकोल्यापर्यंत बाहेर बघत राहिली. मी बोलायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. माझ्या ओळखीतल्या लोकांना हे खरं वाटणार नाही.

पुंडलिकभाऊंनी ट्रकच्या कमानीच्या पोलादी पाट्याचा तुकडा काढून ठेवला होता. मी म्हटलं, हे गंजेल, समुद्रावर आठवडाभरही टिकायचं नाही, न गंजणारं पोलाद घ्या. बोलल्यावर वाटलं की परत सुरू झाले.

त्यांना राग आला नाही. "गंजीनच ना," ते म्हणाले. "मंग रोज पुसाचा, तेल लावाचं. पुसाले हातात घेतला म्हनजे समजते, जाग्यावर हाय का नाई."

 सुजाता पहिल्यांदाच पुढे सरकली.

"भाऊ, दोन बनवा," ती म्हणाली. "एक यायचा. एक माया."

त्यांनी तिला डाव्या हातात ओल्या मातीचा गोळा दाबायला सांगितला. तीन बोटं मातीत रुतली, दोन सरळ बाहेर राहिली. त्या साच्यावरून त्यांनी बाभळीची मूठ घडवली, एका बाजूनं जाड, म्हणजे ती दोन बोटं वळली नाहीत तरी पकड सुटू नये. आम्ही तिथे दिवसभर बसलो. पाती तापली, ठोकली गेली, टोकं गोल झाली. त्यांची बायको मधेच आम्हाला भाकर-पिठलं देऊन गेली. संध्याकाळी त्यांनी दोन्ही चाकू माझ्याच दोराच्या तुकड्यांवर चालवून दाखवले.

सुजातानं तिचा चाकू कातडी म्यानात घालून सुतळीनं गळ्यात अडकवला, डोळे मिटले, आणि तीन वेळा हातात घेऊन पाहिला. तिसऱ्यांदा मीही माझा तसाच घेऊन पाहिला.

स्टेशनवर गाडी लागल्यावर मी विचारलंच. मार्चचं काय?

ती फलाटावरच्या फळवाल्याकडे बघत राहिली. हसली नाही. मला वाटतं अजून तिचा राग गेलेला नव्हता, आणि जायलाही नको होता.

"येते," ती म्हणाली. "पन कैरी घरूनच चिरून आनजा."

घरी

परतल्यावर पहिलं काम केलं ते त्या दुकानदाराला पत्र लिहिण्याचं. तो नवा चाकू सोबत परत पाठवला. हे पत्र पाच ओळींचं झालं. त्याचं अजून उत्तर नाही, आणि ते येईल अशी माझी अपेक्षाही नाही.

वऱ्हाडातला चाकू होडीवर माझ्या गळ्यात आणि एरवी शेडमध्ये दाराजवळच्या खिळ्याला, खांद्याच्या उंचीवर असतो. रोज पुसते. परवा आमच्या दिरांनी त्यानं पार्सलची दोरी कापायला घेतली, तेव्हा मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला डोळे मिटून तो काढायला लावते, आणि त्याआधी मेमध्ये काय झालं ते सांगते, डब्यासकट.

काल बाजारात कैऱ्या आल्या. दोन आणल्या, घरी विळीवर चिरल्या, मीठ-तिखट लावलं आणि डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. सुजाता आज सकाळच्या गाडीनं येते आहे.